गाडी पडणार, हे धरूनच

रेसिंग ट्रॅकवर मोटारसायकल न्यायची म्हटली, की बहुतेकांना आधी वेग आठवतो. मला आधी पडणे आठवते. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे सुमारे पावणेचार किलोमीटरचा ट्रॅक आहे. अशा ठिकाणी नेण्यासाठी गाडी तयार करताना ती कधी तरी आडवी होणार, हे मी धरूनच चालतो. मग प्रश्न उरतो तो नुकसानीचा, आपल्या आणि मागून येणाऱ्यांच्याही.

वळणावर चाक घसरले, की गाडी कुशीवर पडून डांबरावर घासत जाते. इंजिनाची दोन्ही बाजूंची झाकणे पातळ ॲल्युमिनियमची असतात. ती झिजून भोक पडले, तर तेल ट्रॅकवर सांडते आणि मागचे स्वार त्यावर घसरतात. म्हणून त्यांवर चिवट प्लॅस्टिकचे दुसरे झाकण बसवतात. तेल काढायच्या बोल्टला बारीक तार बांधतात, म्हणजे तो हादऱ्यांनी सुटत नाही. रेडिएटरमधले कूलंटही काढून साधे पाणी भरतात, कारण सांडलेले कूलंट तेलासारखेच निसरडे असते.

फ्रेमच्या दोन्ही बाजूंना नायलॉनचे ठोकळे लावतात. त्यांना स्लायडर म्हणतात. त्यांनी स्वतः झिजायचे आणि फ्रेम वाचवायची. मात्र ते फार लांब असू नयेत. लांब ठोकळा खडीत रुतला, तर गाडी कोलांटी खाते. हे ठोकळे बहुधा इंजिन धरणाऱ्या बोल्टांच्याच जागी बसतात. त्यामुळे इंजिनाला खालून आधार द्यावा, एका वेळी एकच बोल्ट काढावा आणि कंपनीने दिलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने, तो आवळावा.

पुढच्या ब्रेकच्या लिव्हरसमोर एक छोटी आडवी दांडी असते. तिचे महत्त्व २००६ साली कॅटालुन्याच्या शर्यतीत दिसले. सुरुवातीलाच सेटे जिबरनाऊची गाडी सहकारी कापिरोसीच्या गाडीला घासली, ब्रेकची लिव्हर दाबली गेली आणि गाडी उलटीपालटी झाली.

ट्रॅकच्या गाडीचा साइड स्टँड सहसा काढून टाकतात. मग ती उभी कशी करायची? त्यासाठी स्विंगआर्मला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला, दोन्हीकडे रिळाच्या आकाराचे तुकडे बसवतात. त्यांचे बोल्ट गाडीनुसार ६, ८ किंवा १० मिलिमीटरचे असतात. जमीन सपाट हवी, हँडल सरळ हवे, गाडी न्यूट्रलमध्ये हवी. डाव्या बाजूला उभे राहून एका हाताने गाडीची शेपटी धरावी, दुसऱ्या हाताने स्टँडचे दोन्ही आकडे रिळांखाली आणावेत. दोन्ही नीट बसल्याची खात्री झाल्यावर स्टँडचा दांडा शरीराच्या वजनाने खाली दाबावा. चाक अलगद वर येते. नवख्याने पुढे एक माणूस गाडी धरायला ठेवावा.

चाक अधांतरी झाले, की चेन साफ करणे सोपे होते. पण इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेनला फडके लावू नका. फडक्याबरोबर बोटेही स्प्रॉकेटमध्ये जातात. चाक हातानेच फिरवा.

गाडी पडून उठली असेल, तर स्टँड लावण्यापूर्वी रिळे जरूर तपासा. बोल्ट वाकलेला असेल, तर तिचा भार त्याच्यावर टाकू नका.