खपलीखाली काय चालतं?

दिवाळी झाली की पाथर्डी-शेवगावकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि हंगाम संपेपर्यंत मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. उसाच्या पानाच्या कडेला सिलिकाने कठीण झालेले बारीक दाते असतात. पान हातावरून सर्रकन ओढलं गेलं की रेघ उठते. पुष्कळदा रक्त येत नाही, पण घाम लागला की आग आग होते. कारण सर्वांत वरच्या बाह्यत्वचेत रक्तवाहिन्याच नसतात, मज्जातंतूंची टोकं मात्र तिथवर पोचलेली असतात.

या बाह्यत्वचेच्या तळाशी केराटिनोसाइट पेशी सतत विभागत असतात. नवी पेशी वर सरकताना केराटिन साठवते, स्निग्ध द्रव्य बाहेर टाकते, केंद्रक गमावते आणि चपटी होऊन मरते. तळापासून गळून पडेपर्यंत साधारण चार आठवडे. अंगातलं पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवतात त्या या मेलेल्या पेशी आणि त्यांच्यामधली चरबी!

टाचेला हा मृत थर खूप जाड असतो आणि तिथे तेलग्रंथी एकही नसते. नगरच्या कोरड्या थंडीत थरातलं पाणी दहा टक्क्यांच्या खाली गेलं की त्याची लवचिकता जाते. डोक्यावर मोळी घेऊन चालताना टाच दबून पसरते आणि भेग पडते. कोकमाचं तेल किंवा मेण लावायची जुनी रीत शहाणपणाचीच आहे, फक्त पाय आधी पाण्यात भिजवायला हवेत. तेल पाणी देत नाही, असलेलं उडू देत नाही.

भेग खोल गेली तर आधी रक्त गोठतं, मग पांढऱ्या पेशी सफाई करतात. कडेच्या केराटिनोसाइट शेजारणींना धरलेले हात सोडून जखमेवर सरपटू लागतात. त्यांना ओल लागते. खपली कडक वाळली की त्यांना तिच्याखालून, ओलीच्या शोधात, खोलातून वाट काढावी लागते. संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांच्या जखमांवर पॉलिथिनचा पापुद्रा लावून पाहिला. झाकलेल्या जखमा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने भरल्या. तरी ‘वारं लागू दे, सुकेल’ हा सल्ला गावोगाव चालूच आहे. जखमेत तंबाखू किंवा माती दाबणं तर त्याहून वाईट, त्यातून धनुर्वाताचे जंतू आत जाऊ शकतात. स्वच्छ पाण्याने धुवावं, व्हॅसलिन लावावं, पट्टी बांधावी, धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर घ्यावं. फडावर स्वच्छ पाणी मिळणं हीच खरी अडचण.

मधुमेहात या पेशींचं सरपटणं मंदावतं. महिना उलटूनही भेग मिटत नसेल तर मलम बदलत बसू नये, रक्तातली साखर तपासून घ्यावी.