‘थांब’ म्हणण्याचा अधिकार

‘ट्रेनर’ म्हटलं की आपल्याला जिममधला माणूस आठवतो. अमेरिकन कॉलेजांतला ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ वेगळा. खेळाडूचा घोटा पट्टीने बांधायचा, मैदानात कुणी पडला की आधी धावायचं, दुखापत तपासायची आणि तो बरा होईपर्यंत व्यायाम करवून घ्यायचा, हे त्याचं काम.

उदाहरण घेऊ विल्यम ऊर्फ ‘पिंकी’ न्यूवेल यांचं. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात ते फुटबॉल खेळले. आपला पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा, तो अमेरिकन फुटबॉल. १९४९ साली ते तिथेच मुख्य ट्रेनर म्हणून परतले आणि पुढची अडीच दशकं तिथेच राहिले. ट्रेनरांची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली. १९५५ पासून न्यूवेल तिचे सचिव. नुसत्या अनुभवावर भागणार नाही, शिक्षण हवं, हा त्यांचा आग्रह. १९५९ मध्ये अभ्यासक्रमाचा आराखडा ठरला, १९७० मध्ये पहिली प्रमाणपत्र-परीक्षा झाली.

पण परीक्षेने सगळं भागतं का? अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रात ट्रेनरचाच दाखला दिलाय. दहा मापं अन्न जास्त, दोन कमी. म्हणून ट्रेनर सगळ्यांना सहा सांगत नाही. मिलो या मल्लाला ती कमी पडतील, नवशिक्याला जास्त होतील. म्हणजे नियम माहीत हवा, आणि समोरचा माणूसही.

आता बघा, डोक्याला मार बसलेला मुलगा म्हणतो, ‘मी ठीक आहे, खेळू द्या.’ प्रशिक्षकालाही तो हवाय. ट्रेनरचा पगारही बहुधा त्याच क्रीडा विभागातून येतो. मुलाच्या स्वातंत्र्याचा मान राखायचा, तर त्याचं ऐकायला नको का? आम्हाला वाटतं, इथे प्रश्नच वेगळा आहे. ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा, त्यालाच मार बसलाय. त्याला थांबवणं म्हणजे त्याचं स्वातंत्र्य हिरावणं नव्हे, उद्यासाठी राखून ठेवणं आहे. वॉशिंग्टन राज्याने २००९ साली कायदाच केला: अल्पवयीन खेळाडूच्या मेंदूला मार बसल्याची शंका आली, तर त्याला बाहेर काढायचं; तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही.

कायद्याने अधिकार मिळतो, विश्वास मात्र मिळवावा लागतो. स्वतः खेळलेल्या माणसाला तो हट्ट आतून ठाऊक असतो, म्हणून त्याचं ‘थांब’ मुलाला वैऱ्याचं वाटत नाही. आज इथेच थांबू.