चित्रवीरांचें मरण

पंचांगकर्ते जसा ग्रहणाचा दिवस आगाऊ सांगून ठेवितात, तसेच अमेरिकेंतील सुपरहीरो कॉमिक्सचे प्रकाशक, आपल्या कोणत्या वीरावर कोणत्या महिन्यांत कोणतें संकट कोसळणार, हें सुमारें तीन महिने आधीं जाहीर करीत असतात. दुकानदारांनीं किती प्रती मागवाव्या हें त्यांस ठरवितां यावें, हा या जाहिरातींचा मूळ हेतु. न खपलेल्या प्रती बहुधा परत घेतल्या जात नाहींत. त्यामुळें सारा व्यापार आगाऊ मागणीवर चालतो आणि जाहिरातींचा आवाज दरमहा चढत जातो. यापुढें कांहींएक पूर्वींसारखें राहणार नाहीं, अशी ग्वाही त्यांत इतक्या वेळां दिलेली असते, कीं ही ग्वाही तेवढी पूर्वींसारखी राहिली आहे असें म्हणावें लागतें.

आम्ही या कथांचे विरोधक नव्हों. जुने वाचक आहों. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढविण्यासाठीं कर्जत स्टेशनावर मागून जादा इंजिनें जोडतात. तेवढ्या अवकाशांत उतारू बटाटेवड्यांकडे धांवत, आणि आम्हां मुलांचे डोळे मात्र फलाटावरील पुस्तकांच्या दुकानाकडे लागलेले असत. मार्च १९६४ मध्यें 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या संस्थेनें 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलें, आणि तें मराठींतही निघूं लागलें. एकत्र कुटुंबांत एका अंकावर सहा-सात भावंडांचा हक्क. थोरला वाची, धाकटीं त्याच्या खांद्यावरून डोकावत. 'कसलीं हीं भुतांचीं चित्रें!' म्हणून काका नाक मुरडीत. परंतु दुपारच्या वामकुक्षीनंतर तोच अंक त्यांच्या उशाखालीं सांपडे.

त्या अंकांचा नायक वेताळ. ली फॉक या अमेरिकन लेखकानें १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं वृत्तपत्रांतून ही कथा सुरू केली. वेताळ अमर आहे अशी त्याच्या शत्रूंची समजूत असते. वाचकास मात्र खरें काय तें ठाऊक असतें. १५३६ सालीं समुद्री चांच्यांच्या हल्ल्यांतून वांचलेल्या एका तरुणानें आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हांपासून पिता मरतो आणि पुत्र तोच मुखवटा चढवून तीच शपथ घेतो. आपण वाचतों तो एकविसावा. ज्या घरांत आजोबांची पूजा वडिलांकडे आणि वडिलांची मुलाकडे येते, त्या घरांतील पोरांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरजच नव्हती. माणूस जातो, व्रत राहतें.

सुपरमॅनचा प्रकार याहून निराळा. १९३८ सालीं जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनीं त्याचे सर्व हक्क १३० डॉलरांस विकले, आणि तेव्हांपासून तो वीर कंपनीची मिळकत झाला. मिळकत कोणी मरूं देत नाहीं. नोव्हेंबर १९९२ मध्यें त्याच्या मृत्यूचा अंक काळ्या वेष्टणांत, दंडावर बांधावयाच्या काळ्या फितीसह विकला गेला. लाखों प्रती खपल्या. आणि वर्षश्राद्धाची तिथि येण्यापूर्वींच हे गृहस्थ पुनः हजर! कॅप्टन अमेरिका २००७ सालीं मेला, २००९ सालीं परतला. सप्टेंबर २०११ मध्यें 'डीसी' कंपनीनें ५२ मासिकें एकदम पहिल्या अंकापासून सुरू केलीं. त्यांत नऊशेंहून अधिक अंक झालेलें, सुपरमॅनचें मूळ मासिकही होतें. पुढें २०१६ सालीं त्याची जुनी मोजणी पुनः चालू झाली. आतां नव्या जाहिरातींत एखाद्या वीराचा अंत छापलेला दिसला, कीं आम्हांला दुःख होत नाहीं. तो परत येण्याचा महिना कोणता, एवढाच हिशेब आम्ही करतों.

हा आमच्या वयाचा दोष असता तर आम्ही लिहिलेंच नसतें. परंतु घरांतील दहा वर्षांच्या नातवास आम्हीं सहज विचारलें, "अरे, तुझा वीर मेला, तुला वाईट नाहीं वाटलें?" तो पान उलटीत म्हणाला, "त्यांत काय, आजोबा! तो परत येतोच."

त्याच संध्याकाळीं आम्हीं त्यास भाई कोतवालांची हकीकत सांगितली. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे आपल्या कर्जत तालुक्यांतील माथेरानचे. जन्म १ डिसेंबर १९१२ चा, शिक्षणानें वकील. खालापूर तालुक्यांतील खोपोली येथें १९१५ पासून, आणि कर्जत तालुक्यांतील भिवपुरी येथें १९२२ पासून, घाटावरील पाण्यावर वीज होऊं लागली व ती मुंबईस जाऊं लागली. १९४२ च्या लढ्यांत कोतवालांच्या 'आझाद दस्त्या'नें मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले. त्यांना ना उडतां येत होतें, ना त्यांच्या अंगावर गोळी बोथट होत होती. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत पोलिसांच्या गोळीबारांत ते व त्यांचे सोबती हिराजी पाटील पडले. कोतवालांचें वय तेव्हां तीस.

पोर एकाग्रतेनें ऐकत होतें. अखेर त्यानें विचारलें, "मग ते परत कधीं आले?"

आले नाहींत, असें सांगितल्यावर तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

यावरून चित्रकथा घराबाहेर टाकाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. ऑक्टोबर २०२४ पासून निघूं लागलेल्या एका नव्या मालिकेंत बॅटमनला पिढीजात संपत्तीवांचून उभा केला आहे. आधार काढून घेतल्यावर वीर काय करतो हें पाहण्याची उत्सुकता आमच्यासारख्या विटलेल्या वाचकासही वाटते. शिवाय २०३४ च्या आरंभीं सुपरमॅनच्या पहिल्या अंकावरील अमेरिकेंतील मालकीहक्काची मुदत संपलेली असेल. तेव्हां कदाचित् कोणी धीट लेखक त्या बिचाऱ्यास एकदांचें म्हातारें होऊं देईल.

तोंवर घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच सूचना, कीं मुलें आगामी अंकाची जाहिरात दाखवूं लागलीं तर तिच्यावर रागावूं नये. त्यांच्याजवळ बसून ती वाचावी आणि विचारावें, या गोष्टींत जें जाणार आहे तें पुढल्या वर्षीं परत मिळणार आहे काय? मिळणार असेल, तर पैसे तूर्त फडताळांतच राहूं द्यावे.