दादा येतो की दादा, येतो?

दिवाळीच्या सुट्टीत नारायणगावला घरी होते. माझा आठवीतला भाऊ बाबांचा फोन घेऊन मळ्यात मोटर बंद करायला गेला होता. अंधार पडायला लागला आणि घरच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला : ‘दादा येतो मळ्यातून’. आईला हायसं वाटलं. चुलतभाऊ सोबत आहे म्हणजे काळजी नाही.

दहा मिनिटांनी तोच दादा गावातून आला. ‘मी कुठं मळ्यात? तो एकटाच आहे!’ त्याने तशीच गाडी वळवली. जुन्नर-आंबेगावात उसातला बिबट्या म्हणजे काय, हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही. भाऊ वाटेतच सुखरूप भेटला. पण सगळा घोळ एका स्वल्पविरामाचा होता.

शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलंय : संबोधनानंतर स्वल्पविराम द्यावा. पण का? ‘मित्रा’, ‘मुलांनो’ म्हटलं की शब्दाचं रूपच हाक मारतं. ‘दादा’, ‘आई’, ‘ताई’ मात्र तसेच राहतात. त्यात ‘येतो’ हे ‘मी’लाही चालतं आणि ‘तो’लाही. मग येणारा कोण, हे फक्त ते छोटं चिन्ह सांगतं.

गंमत म्हणजे हे चिन्ह आपल्याकडे तसं नवीनच. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या सातवाहनांच्या ब्राह्मी लेखात ते शोधून सापडणार नाही. मराठीत विरामचिन्हं रुजवली ती मेजर थॉमस कँडी यांनी. त्यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चं.

दुसऱ्या दिवशी भावाला नियम सांगितलाच नाही. दोन चिठ्ठ्या दिल्या : ‘आई जाते बाजारात’ आणि ‘आई, जाते बाजारात’. मोठ्याने वाचायला लावल्या आणि विचारलं, ‘बाजारात कोण?’ दुसऱ्या चिठ्ठीत ‘आई’नंतर तो आपोआप थांबला. ‘जिथं थांबलास, तिथं स्वल्पविराम.’

त्यावर त्याची शंका : ‘पण मी “ताई येतो” लिहिलं तर कळतंच की!’ बरोबर, कारण ताई ‘येतो’ म्हणणार नाही. पण तेच एखाद्या मुलीने ‘ताई येते’ लिहिलं तर?

घरात लहान भावंडं असतील तर हा खेळ एकदा खेळून बघा. पाच मिनिटं लागतात. आणि हो, आपलेही मेसेज एकदा तपासा. आमच्या ग्रुपवर आता येतं : ‘दादा, येतो. घ्यायला ये.’