आईचा मोतीबिंदू आणि माझं गणित

“तुमच्या अमेरिकेतले दिवे फार मिणमिणते आहेत रे,” असं आई एका हिवाळ्यात म्हणाली आणि मी ते शब्दशः खरं मानलं. इंजिनिअर माणूस! त्याच शनिवारी दुकानात जाऊन जास्त उजेडाचे बल्ब आणले आणि स्वयंपाकघर, जिना, तिची खोली, सगळीकडचे बदलून टाकले. दोन दिवसांनी आई म्हणाली, “आता डोळे दिपतात. ते जुनेच लाव.” म्हातारपणी माणूस काही ना काही खुसपट काढतंच, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

दोष दिव्यांत नव्हता. मंडळाच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांना यायचं तिने हळूहळू बंद केलं होतं. गाडीत समोरून हेडलाइट आले की ती डोळ्यांपुढे हात धरायची. हे सगळं दिसत असूनही आम्ही ‘वयोमानानुसार’ या खात्यात जमा केलं. शेवटी सूनबाईंनीच अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त.

मी डॉक्टर नाही, पण नंतर पुष्कळ वाचलं, विचारलं. ते आपल्यातल्या बऱ्याच घरांत उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आपल्या डोळ्यात बुबुळामागे एक पारदर्शक भिंग असतं. ते पाणी आणि प्रथिनांचं बनलेलं असतं. वय वाढतं तशी ही प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि काच धुरकट होते. अंड्यातला पांढरा बलक शिजला की जसा अपारदर्शक होतो, तसंच काहीसं (शाकाहारी मंडळींनी माफ करावं). आधी भिंग पिवळट होतं, म्हणून दिवे मिणमिणते वाटतात. शिवाय धुरकट भिंगातून प्रकाश विखुरतो, म्हणून झगझगीत दिवा उलट जास्त त्रास देतो. म्हणजे आईच्या दोन्ही तक्रारी बिनचूक होत्या.

आईचं पहिलं वाक्य होतं, “पिकू दे की, मग काढू.” हे ‘पिकणं’ आपल्या डोक्यात घट्ट बसलंय, आणि एके काळी ते बरोबरही होतं. जुन्या शस्त्रक्रियेत मोठा छेद देऊन अख्खं भिंग बाहेर काढत. त्याच्या जागी काहीच बसवत नसत. माझ्या आजोबांना किती दिवस डोकं न हलवता निजवून ठेवलं होतं आणि मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा कसा लागला, हे आई अजून सांगते. एवढं दिव्य करायचं तर माणूस अगदी दिसेनासं होईपर्यंत थांबणारच. आता उलट आहे. फार पिकलेला मोतीबिंदू टणक होतो आणि फोडायला अवघड जातो. रोजच्या कामांत अडायला लागलं की वेळ झाली, असं समजावं.

हे बदललं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. ढगाळ भिंग सुईने बाजूला सारण्याची रीत आपल्याकडे सुश्रुताच्या नावावर आहे. पण काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं बसवायचं धाडस १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी केलं. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स प्लॅस्टिकचे, तुकडे घुसले होते आणि डोळा ते मुकाट्याने सहन करत होता, हे त्यांनी हेरलं होतं. सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पुढे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी, दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसलेले असताना दात साफ करणारं अल्ट्रासॉनिक यंत्र पाहून, त्याच तऱ्हेने मोतीबिंदू आतल्या आत फोडून ओढून घ्यायची युक्ती काढली. आज छेद असतो दोन-अडीच मिलिमीटरचा. घडी घातलेलं भिंग त्यातून आत जातं आणि जुन्या भिंगाच्या रिकाम्या पिशवीत उलगडतं. बहुधा टाकाही लागत नाही. लेसरनेही काही टप्पे करतात. त्याचे पैसे जास्त, पण मोठ्या अभ्यासांत नजरेच्या निकालात त्याने फारसा फरक पडलेला दिसला नाही.

इथे करावं की तिकडे, हा प्रश्न आमच्याकडेही निघाला. भारतात हे काम उत्तम होतं. मुंबईच्या जे. जे. मध्ये डॉ. तात्याराव लहान्यांनी लाखावर शस्त्रक्रिया केल्या, मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगं बनवून गरिबांची सोय केली. आई-वडील सहा महिन्यांसाठी आले असतील तर तिकडेच करणं शहाणपणाचं, कारण प्रवासी विम्यात आधीपासूनची दुखणी बहुधा बसत नाहीत. पण परतीच्या तिकिटाच्या आदल्या आठवड्यात मात्र करू नका. थेंब आणि तपासण्या जवळजवळ महिनाभर चालतात. आमची आई नऊ वर्षं इथेच आहे. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिलेल्या ६५ च्या पुढच्या माणसाला हप्ता भरून मेडिकेअरचा पार्ट बी घेता येतो, आणि त्यात साध्या भिंगाची शस्त्रक्रिया बसते.

आता माझ्या गणिताकडे येतो. शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता मोजून भिंगाचा नंबर काढतात. लांबीत एक मिलिमीटरची चूक म्हणजे नंबरात अडीच-तीनचा फरक! मी खूश झालो. घरी येऊन तक्ता केला: एकाच अंतराचं साधं भिंग, तिरका नंबर घालवणारं टॉरिक, दूर-जवळ दोन्ही दाखवणारं मल्टिफोकल, ज्यात रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. शेवटच्या दोन्हींचे जादा पैसे खिशातून. साधं भिंग ठरलं. मग फॉर्म आला. त्यात गोळ्यांची यादी होती. (प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या काकांनी हे जरूर सांगावं, त्या गोळीने शस्त्रक्रियेत डोळ्याचा पडदा लुळा पडू शकतो.) त्याखाली प्रश्न होता: चष्म्याशिवाय दूरचं दिसायला हवं की जवळचं? मी ‘दूरचं’वर खूण केली. आई शेजारच्याच खुर्चीवर बसली होती.

उजवा डोळा अर्ध्या तासाच्या आत झाला. दुसऱ्या दिवशी आई खिडकीतून झाडावरची खार बघत होती, तीही चष्म्याशिवाय. मी फोन करकरून सगळ्यांना सांगितलं. चार दिवसांनी पाहतो तर माझी मुलगी आजीला पोथी वाचून दाखवतेय, अक्षर न् अक्षर लावत, कारण तिचं देवनागरी रविवारच्या शाळेपुरतं. आईला कॉलेजपासून उणे तीनचा चष्मा. दूरचं बघायला तो लावायचा आणि वाचायला काढून ठेवायचा. पहाटे अंथरुणात पोथी, रात्री औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, सुईत दोरा, सगळं उघड्या डोळ्यांनी. ते मी एका खुणेत घालवलं होतं, आणि डावा डोळा तर धुरकटच. मी औषधांच्या दुकानातून वाचायचे तीन चष्मे आणून तीन खोल्यांत ठेवले. (पुन्हा बल्बच!)

“पन्नास वर्षं चष्मा काढून वाचलं,” ती म्हणाली. “आता लावून वाचायचं.”

“पण त्यांनी विचारलं होतं ना, आई?”

“तुला विचारलं. तू मला कुठे विचारलंस?”

डाव्या डोळ्याच्या वेळी मी दुभाष्याखेरीज काहीही व्हायचं नाही असं ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा डोळा मुद्दाम उणे दोनच्या आसपास ठेवता येईल. उजवा दूरचं बघेल, डावा वाचेल, मेंदू सांभाळून घेतो, पण सगळ्यांनाच ते मानवत नाही. आईने तीन प्रश्न विचारले, त्यातला एक ‘जिना उतरताना पाय चुकेल का?’ हा होता. माझ्या तक्त्यात जिना नव्हताच. मग तिच्या नाकावर चाचणीची चौकट चढवून, त्यात काचा घालून, तिला हॉलमध्ये चालायला लावलं. आईनेच ‘चालेल’ म्हटलं. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा धुरकट दिसलं तर घाबरू नका, मोतीबिंदू परत होत नाही, भिंगामागची पिशवी गढुळते आणि ती लेसरने मिनिटभरात साफ होते, हेही मी भाषांतर करून सांगितलं.

दोन आठवड्यांत पोथी परत अंथरुणात आली. लांबचा प्रवास असला की गाडीत ती अजून चष्मा लावते. जुने बल्बही तिने परत लावून घेतले. मग एका दुपारी कपाट आवरताना तिने मला आणि सूनबाईंना खोलीत बोलावलं. पलंगावर पुण्याहून खास आणलेली तिची संक्रांतीची काळी साडी पसरली होती. चांगली गडद निळी होती ती.

“दोन वर्षं मी ही नेसून मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले,” आई म्हणाली. “मला मोतीबिंदू होता. तुम्हांला काय झालं होतं?”