मराठी मेल स्पॅममध्ये का जातो? गुणांचा हिशेब समजून घ्या

समजा, अकोल्याच्या जिनिंगवाल्याने सरकी ढेपेचे आजचे दर अमरावतीच्या व्यापाऱ्याला मेल केले. तासाभराने फोन केला तर उत्तर मिळते, ‘आलाच नाही ना भाऊ!’ मेल पोहोचलेला असतो, पण स्पॅमच्या फोल्डरमध्ये. तोवर सौदा दुसरीकडे ठरतो.

असा मेल बहुधा एका कारणाने अडत नाही. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या अनेक संस्था, कॉलेजे ‘स्पॅमअसॅसिन’ ही मोफत प्रणाली वापरतात. ती २००१ पासून उपलब्ध आहे. ती प्रत्येक मेलच्या शेकडो चाचण्या घेते आणि गुण देते. या परीक्षेत जास्त गुण मिळवणारा नापास! बेरीज ५ झाली की मेलवर स्पॅमचा शिक्का बसतो. काही चाचण्यांचे गुण उणे असतात. विश्वासू यादीतल्या पत्त्याला तर थेट उणे १०० मिळतात, त्यामुळे तो सहसा अडत नाही.

मराठीची गोम इथेच आहे. या प्रणालीत चालणाऱ्या भाषांची यादी देता येते. मुळात सगळ्या भाषा चालतात. पण सर्व्हर सांभाळणाऱ्याने भाषा ओळखण्याची सोय सुरू करून यादीत फक्त इंग्रजी ठेवली, तर मराठी मजकुराला ‘नको असलेली भाषा’ म्हणून २.८ गुण पडतात. म्हणजे निम्म्याहून जास्त वाट तिथेच संपली. मग मजकुराच्या मानाने फोटोच जास्त असणे आणि पाठवणाऱ्याची डिजिटल ओळख न जुळणे, अशा एक-दोन गोष्टी मिळाल्या की पाचाचा आकडा गाठायला वेळ लागत नाही. उपाय साधा: यादीत मराठीचा ‘एमआर’ हा कोड घालायचा.

जुन्या मेलवरून शिकणारीही एक चाचणी आहे. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय ती कामालाच लागत नाही. दाखवलेले सगळे मेल इंग्रजी असतील, तर ‘कपाशी’ आणि ‘भाव’ हे शब्द तिला अनोळखीच.

गुणांइतकाच क्रमही महत्त्वाचा. बदनाम सर्व्हरच्या याद्या इंटरनेटवर तपासायला वेळ लागतो. म्हणून विश्वासू यादीसारखी स्वस्त चाचणी आधी लावतात, आणि तिथेच निकाल लागला तर पुढच्या चाचण्या सोडून देण्याची सोय असते. सर्व्हरवरचा भार हलका होतो. मात्र हा शॉर्टकट चुकीच्या चाचणीवर लावला, तर बाकीचे गुण मोजलेच जात नाहीत.

जीमेलमध्ये हे गुण आपल्याला दिसतही नाहीत, बदलताही येत नाहीत. तिथे कॉम्प्युटरवरून त्या पत्त्यासाठी फिल्टर बनवून ‘स्पॅममध्ये कधीही पाठवू नका’ निवडता येते. मोबाइलवर मेल उघडून ‘स्पॅम नाही’ दाबावे. ३० दिवसांच्या आत मात्र. त्यानंतर स्पॅममधले मेल आपोआप पुसले जातात.