जेऊरचा नागराज आणि आपली आर्ची

सोलापूरहून रेल्वेनं पुण्याकडं निघालं की कुर्डुवाडी आणि केम गेल्यावर जेऊर स्टेशन लागतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव. नागराज मंजुळे याच गावचे. वडार समाजातलं, दगड फोडून पोट भरणारं घर. दहावीला ते नापास झाले, पण पुढं पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. झाले आणि मग अहमदनगरला सिनेमाचं शिक्षण घेतलं. कविताही लिहिल्या. नापास पोराला लगेच कामाला जुंपणाऱ्या आयांनी हे जरा लक्षात ठेवावं.

त्यांची पहिली ओळख झाली ती ‘पिस्तुल्या’ या छोट्या फिल्ममुळं. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २०१४ मध्ये ‘फँड्री’ आला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. गावातली डुकरं धरायचं काम ज्या घराच्या वाट्याला येतं, त्या घरातल्या जब्या नावाच्या पोराची ही गोष्ट. डुक्कर धरताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं घर जागच्या जागी उभं राहतं, तो प्रसंग बघताना आमच्यातल्या एकीलाही हसू आलं नाही. सिनेमात जब्याला जीव लावणारा, सायकलच्या दुकानातला चंक्या आहे ना, तो स्वतः नागराज. म्हणजे हा माणूस कॅमेऱ्याच्या मागंही असतो आणि पुढंही. ‘नाळ’मधला बापही तोच.

पण आम्हाला बोलायचंय ते ‘सैराट’बद्दल. २९ एप्रिल २०१६ ला तो लागला. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, तेव्हा शाळेत शिकणारी. आजवर पडद्यावरच्या नायिका पुण्या-मुंबईचं बोलायच्या. ही आपल्यासारखं बोलली, बुलेट चालवली, ट्रॅक्टर हाणला. राष्ट्रीय पुरस्कारांतही तिचं खास कौतुक झालं.

तेव्हा आमच्या गटाच्या बैठकीत दोन तट पडले. “असल्या पिक्चरनं पोरी बिघडत्यात,” असं निम्म्याजणी म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्यात आम्हीही होतो. शेवट मात्र कुणीच काढला नाही. आईबापांची चूक न धरता तान्हं लेकरू रक्तात पाय भरवून बाहेर येतं, त्यावर सगळ्या गप्प. त्याच वर्षी आमच्या एका गावात मुलाशी बोलताना दिसली म्हणून एका पोरीचं कॉलेज बंद केलं आणि तीन महिन्यांत लग्न लावलं. पोरीची आई गटात होती. हप्ता भरायला आली तेव्हा रडत होती. आम्ही पासबुकावर सही घेतली, बाकी काही विचारलं नाही.

म्हणून त्या सिनेमातली सुमनअक्का आम्हाला आठवते. हैदराबादेत डोशाची गाडी लावणारी एकटी बाई, ओळख ना पाळख, तरी त्या दोघांना आसरा देते. ती भूमिका छाया कदम यांनी केली. ‘फँड्री’त जब्याची आईही त्याच. आता असं काही कानावर आलं तर आम्ही आईला आधी बाजूला घेऊन बसतो. वय अठराच्या आत असेल तर लग्न कायद्यानं गुन्हा आहे, हे सांगतो. ऐकलं नाही तर १०९८ वर फोन करायची तयारीही ठेवतो. अठरा पूर्ण झाली असेल तर जोडीदार निवडायचा हक्क तिचा, हेही सांगतो. त्यावरून दोन घरांशी आमचं बोलणं तुटलंय.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर ‘पावसाचा निबंध’ लावणार आहोत. हीही मंजुळेंची छोटी फिल्म, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली. शाळेतल्या पोराला पावसावर निबंध लिहायचाय, आणि घर मात्र गळतंय. पडद्यासाठी पांढरी चादर एकीनं आणावी. दिवे लागल्यावर सुरू करू. पोरींना सोबत आणा, पोरांनाही.